कृष्णकमळाला कुंपणाबाहेर काढू नका

अलीकडे बागेविषयी कुठेही चार माणसं बोलायला बसली, की एक सल्ला हमखास ऐकू येतो. परदेशी वेली उपटा, देशीच लावा. सल्ला देणारे कळकळीने बोलतात, पर्यावरणाचं भलं व्हावं म्हणूनच बोलतात. या सल्ल्याच्या यादीत बोगनवेल असते, अलमांडा असते, आणि हल्ली कृष्णकमळही असतं. कारणं तीन सांगितली जातात. ही वेल अमेरिका खंडातली, त्यामुळे आपल्याकडचा एक किडाही तिला तोंड लावत नाही. आज ती फाटकावर आहे, उद्या घाणेरीसारखी रानभर होईल. आणि ती नाजूक, लाडावलेली, पाणी पिणारी, म्हणजे एका देशी वेलीची जागा फुकट अडवणारी.

ही तिन्ही विधानं कृष्णकमळाच्या बाबतीत टिकत नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. पहिलं साफ चुकीचं आहे. दुसऱ्यात तथ्य आहे, पण ते चुकीच्या वेलीवर लादलंय. तिसरं बागेत काम न केलेल्या माणसाचं आहे.

आधी एक सांगून टाकते. टेकड्यांवर, गायरानात, नदीकाठी देशी झाडंच लागली पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावून हिरव्या केलेल्या टेकड्या मी पाहिल्या आहेत. दुरून हिरव्यागार दिसतात. जवळ गेलं की खाली गवत नाही, पाखरू नाही. हा लढा देणाऱ्यांच्या बाजूला मी आहे. पण टेकडीचा नियम जशाचा तसा उचलून घराच्या फाटकावर लावला, की त्याचा फतवा होतो. फतव्याने झाडं वाचत नाहीत, फक्त झाडं लावणारी माणसं बिचकतात. घरी कृष्णकमळ आहे हे सांगताना आता लोकांचा आवाज खाली जातो. ही वेळ येऊ द्यायला नको होती.

आता पहिला मुद्दा. म्हणे एक किडा खात नाही.

पावसाळा सरत आला, की कृष्णकमळाचं एखादं मधल्या वयाचं पान उलटून पाहा. खालच्या बाजूला पिवळ्या बारीक अंड्यांचा पुंजका सापडण्याची चांगली शक्यता असते. काही दिवसांत त्यातून अळ्या निघतात. सुरुवातीला त्या कळपानेच राहतात आणि पानाचा हिरवा थर खरवडून खातात, त्यामुळे पान जाळीदार दिसू लागतं. मोठ्या झाल्या की तांबूस तपकिरी, चकचकीत, अंगभर फाटे फुटलेल्या काळ्या काट्यांच्या. दिसायला भयंकर, पण ते काटे टोचत नाहीत आणि त्यांनी खाजही येत नाही. मग त्या वेलीवरून उतरून ग्रीलला, भिंतीला, कुंडीच्या काठाला उलट्या टांगून घेतात. कोष पांढरट, त्यावर काळ्या रेघा आणि आत नारिंगी ठिपके, जणू कुणी बारीक कुंचल्याने रंगवलेला. त्यातून नारिंगी पंखांचं, काळ्या ठिपक्यांचं फुलपाखरू बाहेर पडतं. टॉनी कोस्टर. शास्त्रीय नाव अक्रिया टर्प्सिकोरी. हे फुलपाखरू अस्सल इथलं आहे, भारतातलं आणि श्रीलंकेतलं.

त्याचं उडणं पाहण्यासारखं असतं. घाई नाही, जमिनीपासून फार उंच जाणं नाही. पक्षी मागे लागतील याची त्याला फिकीर नसते, कारण त्याच्या अंगात सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात. पकडलं तर मेल्याचं सोंग घेऊन निपचित पडतं आणि अंगातून पिवळा, घाण वासाचा रस सोडतं. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा वाटेला जात नाही.

या फुलपाखराचं मूळचं खाद्य म्हणजे रतनपुरुष, माळरानावर पावसाळी गवतात उगवणारं गुलाबी एका पाकळीचं इवलंसं रोप. रतनपुरुष व्हायोलेटच्या कुळातलं, कृष्णकमळ पॅसिफ्लोराच्या कुळातलं. ही दोन्ही कुळं वनस्पतिशास्त्रात एकाच गणात बसतात. फुलपाखराने हे नातं ओळखलं. शहर वाढलं, माळ गेले, रतनपुरुष डांबराखाली गेलं. तेव्हा या फुलपाखराला शहरात अंडी घालायला जी मोजकी ठिकाणं उरली, त्यातलं एक म्हणजे तुमच्या फाटकावरचं कृष्णकमळ. ते उपटून टाकल्याने माळावरचं रतनपुरुष परत येत नाही. शहरातलं फुलपाखरू मात्र जातं.

याच फुलपाखराची पुढची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. गेल्या काही दशकांत ते भारतातून पूर्वेकडे पसरत गेलं. थायलंड, मलेशिया, सिंगापूर करत करत २०१२ साली ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला पोहोचलं. वाटेत त्याला जागोजागी पॅसिफ्लोराच्या वेली भेटत गेल्या. म्हणजे आपलं 'देशी' फुलपाखरू अमेरिकेच्या वेलीवर वाढून ऑस्ट्रेलियात 'परदेशी' झालं. निसर्गाचे हिशेब असे गुंतागुंतीचे असतात. देशी तेवढं चांगलं आणि परदेशी तेवढं वाईट एवढ्या दोन खणांत ते मावत नाहीत.

केवळ एवढंच नाही. कृष्णकमळाच्या पानाचा देठ निरखून पाहा. पान जिथे सुरू होतं तिथे देठावर दोन बारीक गाठी दिसतात. त्या मधाच्या ग्रंथी आहेत. फुलाशी त्यांचा संबंध नाही, त्या मुंग्यांसाठी आहेत. मुंग्या मध खायला येतात आणि येता-जाता अंडी, लहान अळ्या उचलून नेतात. वेलीने ठेवलेली ही राखण. वेलीवर मुंग्या दिसल्या की लोक पांढरी पावडर टाकतात. ती टाकू नका. मुंग्या वेलीचं काहीएक बिघडवत नाहीत. हां, मुंग्यांच्या जोडीला पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर तो मात्र ओल्या फडक्याने पुसून काढा, कारण त्याला मुंग्याच पोसतात.

आणि भुंगा. आपल्या बागेत येणारा तो मोठा, काळा, निळसर झाक असलेल्या पंखांचा भुंगा कृष्णकमळावर आला की जरा थांबून बघा. फुलाच्या मधोमध एक दांडा उभा असतो. त्यावर पाच पुंकेसर खाली तोंड करून छत्रीसारखे पसरलेले, आणि त्यांच्या वर तीन कुक्षी. जांभळ्या तंतूंचं जे वलय असतं त्याच्या मुळाशी मध साठलेला असतो. भुंगा वलयावर बसतो, तोंड खाली खुपसतो आणि गोल गोल फिरतो. त्याची रुंद पाठ बरोबर पुंकेसरांना घासते. परागकण पाठीवर बसतात, पिवळीधमक पाठ घेऊन तो पुढच्या फुलावर जातो. फूल उमलतं तेव्हा कुक्षी वर उभारलेल्या असतात. हळूहळू त्या खाली वाकतात, पुंकेसरांच्या रेषेत येतात आणि भुंग्याच्या पाठीवरचे पराग टिपतात. मधमाशी लहान पडते, ती मध पिऊन जाते पण तिची पाठ पुंकेसरांपर्यंत पोहोचत नाही. हे फूल भुंग्याच्या मापाचं आहे. ब्राझीलमधल्या भुंग्याच्या मापाचं असेल, पण आपला भुंगाही तेवढाच मोठा आणि तेवढाच कामसू आहे. तूर आणि तागाच्या फुलांवर काम करणारा हाच भुंगा. तो वाळक्या लाकडात आणि बांबूत घर करतो. वेलीसाठी जुन्या बांबूचा मांडव केला तर त्याच मांडवात त्याचं घर आणि त्यावरच त्याचं जेवण, अशी सोय होते. एक किडाही येत नाही म्हणणाऱ्यांनी फुलं उमलल्यावर दहा मिनिटं अशा मांडवाखाली उभं राहून दाखवावं.

देशीवादी मित्रांच्या हातात एक बळकट पुरावा आहे, आणि तो बाजूला सारणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. अमेरिकेतले कीटकशास्त्रज्ञ डग टॅलमी यांनी अनेक वर्षं दाखवून दिलंय की स्थानिक झाडांवर जितक्या प्रकारच्या अळ्या पोसल्या जातात, तितक्या बाहेरून आणलेल्या झाडांवर पोसल्या जात नाहीत. अळ्या नाहीत तर पिलांना भरवायला पक्ष्यांकडे काही नाही. हे तत्त्व आपल्याकडेही लागू आहे, मला ते पूर्ण मान्य आहे. कृष्णकमळ एका फुलपाखराला पोसतं, उंबर आणि वड शेकडो जिवांना पोसतात. तुलनाच नाही. पण त्याच अभ्यासाची पुढची पायरी फारसं कुणी सांगत नाही. टॅलमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वॉशिंग्टन शहरातल्या घरांच्या आवारांत चिकडी नावाच्या छोट्या पक्ष्याचा अभ्यास केला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा की आवारातल्या हिरवाईत स्थानिक झाडांचा वाटा ७० टक्क्यांहून वर असला की हा पक्षी तिथे आपली संख्या टिकवू शकतो. त्याखाली गेला की पिल्लं पुरेशी वाचत नाहीत. म्हणजे या विचाराच्या सगळ्यात कडक अभ्यासानेसुद्धा ३० टक्क्यांपर्यंत जागा बाहेरच्या झाडांना ठेवली आहे. फाटकावरची एक वेल त्यात आरामात बसते. आकडा अमेरिकेतला आहे, तो जसाच्या तसा पुण्याला किंवा नाशिकला लावता येणार नाही. पण त्यातलं शहाणपण घेता येतं. बहुतांश बाग देशी असू दे आणि थोडी मनासारखी.

आता घाणेरीचा मुद्दा. हा मुद्दा खरोखर वजनदार आहे. घाणेरी आपल्या देशात आली ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, बागेत शोभेसाठी. जलपर्णीही तिच्या जांभळ्या फुलांसाठीच जगभर नेली गेली. त्यामुळे 'शोभेची म्हणून आणलेली वेल रान गिळेल' ही भीती कुणी उगाच उभी केलेली नाही. तिला उत्तर द्यायलाच हवं.

घाणेरी पसरली ती तिच्या फळांमुळे. काळी, गोड, एकेका झुडपावर ढिगाने लागणारी फळं बुलबुल खातो आणि विष्ठेतून बी दूरवर टाकतो. आपल्या नर्सऱ्यांत कृष्णकमळ म्हणून विकली जाणारी वेल बहुधा पॅसिफ्लोरा इन्कार्नाटा, सेरुलिया किंवा त्यांच्या संकरातली असते. यांतल्या बऱ्याच वेलींना स्वतःच्या परागाने फळ धरत नाही, दुसऱ्या रोपाचा पराग लागतो. घरोघरी कलमाने वाढवलेलं एकच रोप असेल तर फळ धरणं कठीणच. फळच नाही तर बुलबुल काय वाहून नेणार? तिचा खरा दोष वेगळा आहे. इन्कार्नाटाची मुळं जमिनीखाली लांब पळतात आणि चार-पाच फुटांवर नवे कोंब काढतात. हे कोंब शेजारच्या वाफ्यात घुसतात. तेव्हा दोषच द्यायचा तर हा द्या, तो खरा आहे. त्यावर उपायही सोपा आहे. वेल कुंडीत किंवा चारी बाजूंनी विटांनी बंद केलेल्या आळ्यात लावा, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा बाहेर आलेले कोंब उपटा. ज्याला एवढंही करायचं नाही, त्याने इन्कार्नाटा लावू नये.

पॅसिफ्लोराचं सगळंच कुळ निरुपद्रवी आहे, असं मी म्हणत नाही. हवाई बेटांवर त्यातल्याच एका, केळ्यासारख्या फळांच्या वेलीने जंगलं झाकून टाकली आहेत. आपल्याकडेही पॅसिफ्लोरा फीटिडा रस्त्याकडेला, पडीक जागी सर्रास पसरलेली दिसते. केसाळ हिरव्या जाळीत गुंडाळलेलं छोटं फळ, तीच ती. ती कुणी मुद्दाम लावू नये. तसंच गुलाबी फुलांच्या आईस्क्रीम वेलीला मी माझ्या कुंपणावर कधीही जागा देणार नाही, तिच्या गाठी जमिनीत राहतात आणि वर्षानुवर्षं निघत नाहीत. आणि मिकानिया तर नावही नको, तिने केरळात आणि आसामात काय केलंय ते जाऊन पाहावं. म्हणजे मी म्हणते ते एवढंच, की प्रत्येक वेलीची स्वतंत्र चौकशी करा. बी कसं पडतं, पक्षी खातात का, मुळं कुठवर जातात, तोडल्यावर परत उगवते का. या प्रश्नांची उत्तरं मिळाली की निर्णय करा. ती कुठल्या देशातून आली, हा प्रश्न त्यात शेवटी येतो.

कारण जन्मस्थान पाहून वेलीचं वागणं कळतच नाही. आपली माधवीलता घ्या. कालिदासाच्या काव्यांत जिला मानाची जागा आहे ती हीच. सह्याद्रीच्या रानात ती बिचारी आपल्या जागेवर राहते, पांढरी-पिवळी सुगंधी फुलं देते. तीच वेल रेयुनियन आणि मॉरिशस बेटांवर नेली तेव्हा तिने तिथली जंगलं गुदमरवली. जगातल्या सर्वांत घातक १०० आक्रमक प्रजातींची जी यादी जगभर वापरली जाते, तीत घाणेरीबरोबर आपली माधवीलताही आहे. आता मॉरिशसच्या माणसाने भारतातून आलेली प्रत्येक वेल उपटायचं ठरवलं तर आपण त्याला काय सांगू? ही वेल तपासून पाहा, ती वेल तपासून पाहा, असंच सांगू. मग तेच कृष्णकमळाला का नको?

'देशी' म्हणजे तरी नक्की कुठलं, हेही विचारायला हवं. निळ्या फुलांची थनबर्जिया ईशान्य भारतातली. बोमोंटिया पूर्व हिमालयाच्या पायथ्याची. पुण्या-कोल्हापुरात या 'भारतीय वेली' म्हणून अभिमानाने लावल्या जातात. पण सह्याद्रीच्या फुलपाखरांच्या आणि भुंग्यांच्या दृष्टीने त्याही पाहुण्याच. देशाची सीमा आपण आखली, झाडाझुडपांनी नाही. सह्याद्रीचं म्हणायचं असेल तर कुसर लावा, उक्षी लावा, मोरवेल लावा, कळलावी लावा. जरूर लावा. कुसराचा पांढरा बहर उन्हाळ्यात घाटात चालताना ज्याने अनुभवलाय त्याला ती दारात हवीशी वाटणारच. कृष्णकमळाच्या शेजारीच लावा. जागेची भांडणं या वेलींत नाहीत, ती आपण लावून दिली आहेत.

आणि पूजेच्या परडीकडे एकदा पाहा. दसऱ्याचा झेंडू मेक्सिकोचा. हारातला निशिगंध मेक्सिकोचा. देवळापुढचा पांढरा चाफा मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडचा. गुलबक्षी तिकडचीच, सदाफुली मादागास्करची. ताटातली मिरची, भुईमूग, बटाटा, आणि उपासाचा साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद, सगळं समुद्र ओलांडून आलेलं. या सगळ्यांना आपण पिढ्यान्‌पिढ्या आपलं म्हटलं. कृष्णकमळालाही म्हटलं, आणि फार मनापासून म्हटलं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये जाकोमो बोझियो या पंडिताकडे या फुलाची चित्रं पोहोचली, तेव्हा त्याने त्यात ख्रिस्ताच्या यातना पाहिल्या. तंतूंचं वलय म्हणजे काट्यांचा मुकुट, पाच पुंकेसर म्हणजे पाच जखमा, तीन कुक्षी म्हणजे तीन खिळे. आपल्या आजीने त्याच फुलात तंतूंना शंभर कौरव म्हटलं, पुंकेसरांना पाच पांडव आणि वरच्या तिघांना ब्रह्मा-विष्णू-महेश. नातवंडांना मोजून दाखवलं. ज्या फुलात मराठी घराने अख्खं महाभारत वाचलं, त्याला आज परकं ठरवायचा अधिकार नेमका कुणाचा?

आता तिसरा मुद्दा, लाडावलेली आणि पाणी पिणारी. ही वेल नाजूक असलीच तर ती हिवाळ्यातल्या गोठवणाऱ्या थंडीपुरती. युरोपात तिच्या कुळातल्या बऱ्याच वेलींना हिवाळ्यात काचघरात न्यावं लागतं, म्हणून पुस्तकांत तिला नाजूक म्हणतात. आपल्याकडे महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठावर क्वचित हिमकण दिसतात, निफाडकडे द्राक्षबागांना थंडी बाधते. एवढे भाग सोडले तर महाराष्ट्रात तिला थंडीची भीती नाही. पाण्याचं म्हणाल तर जमिनीतल्या वेलीला उन्हाळ्यात एक दिवसाआड बादलीभर पाणी पुरतं, मुळाशी पालापाचोळा टाकला तर त्याहून कमी. वेल मरते ती तहानेने कमी आणि काळ्या मातीत पावसाचं पाणी साचून बुंधा सडल्याने जास्त. म्हणून आळं खोल करू नका, उलट वीतभर उंचवट्यावर रोप लावा. मातीत वाळू आणि शेणखत मिसळा. पाच-सहा तास ऊन लागतंच. सावलीत ती वाढते, पण फुलत नाही. 'वेल वाढली, फूल नाही' ही तक्रार आली की मी आधी दोन गोष्टी विचारते. ऊन किती? आणि युरिया दिला का? नत्र जास्त झालं की नुसती पानं. फुलं नव्या फुटीवर येतात, त्यामुळे फेब्रुवारीत छाटणी करायला कचरू नका. हात आखडता घेतला की वर पानांचं गाठोडं आणि खाली उघडे दांडे, अशी अवस्था होते.

भिंत खराब होते, साप येतात, डास होतात, हेही सोसायट्यांच्या बैठकांत ऐकू येतं. थोडक्यात उत्तर देते. कृष्णकमळ भिंतीला चिकटत नाही, ते तणाव्यांनी चढतं. तार किंवा सुतळी भिंतीपासून वीतभर दूर बांधली तर वेल भिंतीला शिवतही नाही. भिंत फोडतो तो पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून उगवलेला पिंपळ. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात होतो, म्हणजे कुंडीखालच्या थाळीत. ती रिकामी करा. साप उंदरांमागे येतो. कचरा आवरा.

तणाव्यांचं नाव निघालंच आहे तर एक सांगते. डार्विनने १८६५ साली चढणाऱ्या वेलींवर एक दीर्घ निबंध लिहिला. त्यात पॅसिफ्लोरा ग्रासिलिस या वेलीचा तणावा काडीचा स्पर्श झाल्यावर साधारण अर्ध्या मिनिटात वाकू लागतो, अशी नोंद त्याने केली आहे. आपल्या कृष्णकमळाचा तणावा तितका चपळ नसला, तरी सकाळी मोकळा असलेला तणावा संध्याकाळपर्यंत तारेला घट्ट आवळलेला दिसतो. दोन-तीन दिवसांनी पाहिलं तर मधला भाग स्प्रिंगसारखा वळतो, अर्धा उजवीकडे आणि अर्धा डावीकडे. वाऱ्याने वेल हलली तरी तुटत नाही, ती त्या वळणांमुळे. मुलांना घरच्या घरी हे दाखवता येतं. झाडं हलतात, स्पर्श ओळखतात, हे पुस्तकातून सांगायची गरज राहत नाही. पुढे टेकडी वाचवायला उभी राहणारी मुलं अशाच फाटकांपाशी तयार होतात.

माझा राग वेगळीकडे आहे, आणि तो इथे मांडायलाच हवा. नव्या गृहसंकुलांत एकरभर लॉन पसरलेली असते. रोज पाणी, रोज कातरणी, वर फवारणी, आणि त्यावर एक फुलपाखरू अंडी घालत नाही. कडेने कोनोकार्पसची रांग. या झाडाची लागवड गुजरातने २०२३ साली थांबवली, आपल्या शहरांत ती वर्षानुवर्षं रस्त्यांच्या दुभाजकांत होत राहिली. वेलींवर अळी दिसली की माळी टाकी पाठीला लावून फवारतो, आणि ती अळी कुणाची होती हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. देशीचा आग्रह धरणाऱ्यांनी आपली ताकद इथे लावावी. बिल्डरच्या कार्यालयात जावं, महापालिकेच्या उद्यान विभागात निवेदन द्यावं, रोपांची यादी मागावी. घराच्या फाटकावर एक वेल लावून तिच्याखाली उभी राहणारी बाई तुमची शत्रू नाही. शहरात झाडावर प्रेम करणारी जी थोडी माणसं उरली आहेत त्यांतली ती एक आहे. तिला अपराधी वाटायला लावून टेकडीवर एक करंजसुद्धा वाढणार नाही.

तेव्हा विनंती एवढीच. या जूनमध्ये कृष्णकमळ लावायचं असेल तर निःसंकोच लावा. ओळखीच्या घरून पेन्सिलच्या जाडीची, तीन पेरांची काडी आणा, सावलीत वाळूमिश्रित मातीत रुजवा, मग बंद आळ्यात हलवा. बाहेर आलेले कोंब न चुकता उपटा आणि ते ओढ्याकाठी किंवा टेकडीवर टाकू नका, वाळवून खतात घाला. अळ्या आल्या तर फवारू नका. त्या वेल ओरबाडतील, वेल पुन्हा पालवेल. आणि तिच्या शेजारी एक कुसर किंवा मोरवेल जरूर लावा.

ज्यांना तरीही ती नको असेल, त्यांनी लावू नये. दुसऱ्याच्या फाटकावरची मात्र उपटायला सांगू नये.